शुगर आहे आणि स्कॅन आहे: काय खायचं, कधी खायचं, गोळीचं काय करायचं

स्कॅनची तारीख मिळते, हातात चिठ्ठी येते आणि तिच्यावर एवढंच लिहिलेलं असतं: ‘उपाशीपोटी या’. मधुमेह नसलेल्याला तेवढं पुरतं. मधुमेह असलेल्याचे प्रश्न मात्र तिथूनच सुरू होतात. सकाळची गोळी घ्यायची का? इन्सुलिन टोचायचं का? गोंदिया, चंद्रपूर किंवा गडचिरोलीहून पहाटे निघून नागपूरला यायचं तर वाटेत चक्कर आली तर काय करायचं? धंतोली-रामदासपेठेतलं सेंटर असो, मेडिकल-मेयोसारखं सरकारी रुग्णालय असो की मिहानमधलं एम्स, काउंटरवर गर्दी असते आणि चिठ्ठी देणाऱ्याला हे सगळं समजावायला वेळ नसतो.

दोन गोष्टी डोक्यात पक्क्या असल्या तर अर्धं काम होतं. पहिली, प्रत्येक स्कॅनमध्ये उपाशी ठेवण्याचं कारण वेगळं असतं, आणि काही स्कॅनना उपाशी राहायची गरजच नसते. दुसरी, मधुमेहात जेवण आणि औषध ही जोडी आहे. जेवणाची वेळ हलली की औषधाचीही हलवावी लागते. गोंधळ होतो तो बहुतेक वेळा यातलं एकच हलवल्यामुळे: नाश्ता सोडला आणि गोळी मात्र सवयीने घेतली, किंवा गोळी सोडली आणि सेंटरबाहेर तर्री-पोहे खाल्ले.

आधी गोळीचं पाकीट उलटं करून वाचा

‘मी शुगरची एकच गोळी घेतो’ असं सांगणारे बरेच जण प्रत्यक्षात दोन-तीन औषधं घेत असतात. आपल्याकडे ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन एकाच गोळीत मिळतात, आणि कित्येकदा तिसरं व्होग्लिबोजही त्यातच असतं. गोळीचं दुकानी नाव सांगून भागत नाही. पाकिटाच्या मागे बारीक अक्षरात आतली औषधं लिहिलेली असतात, त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिपिझाइड, ग्लिबेनक्लामाइड ही औषधं स्वादुपिंडाकडून इन्सुलिन सोडवून घेतात, मग तुम्ही जेवलेले असा की नसा. ती घेऊन उपाशी राहिलं की शुगर घसरते, आणि ग्लिबेनक्लामाइडसारख्या लांब पल्ल्याच्या औषधाने तासन् तास घसरलेली राहू शकते. वय जास्त असेल किंवा किडनी अधू असेल तर धोका आणखी वाढतो. म्हणून या गटातली गोळी बहुतेक डॉक्टर उपासाच्या सकाळी थांबवून स्कॅननंतरच्या जेवणासोबत घ्यायला सांगतात.

नुसतं मेटफॉर्मिन, किंवा सिटाग्लिप्टिन, व्हिल्डाग्लिप्टिन, टेनेलिग्लिप्टिन यांसारख्या ‘ग्लिप्टिन’ गोळ्या एकट्याने शुगर फारशी पाडत नाहीत. मेटफॉर्मिनचा प्रश्न निराळा आहे, तो सीटीच्या भागात येईल.

डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन, कॅनाग्लिफ्लोझिन या गोळ्या लघवीवाटे साखर बाहेर टाकतात. काही तासांच्या उपासाने त्यांच्यामुळे सहसा काही बिघडत नाही. पण आदल्या दिवशी पोळी-भात बंद, दुसऱ्या दिवशी उपास आणि त्यात पाणीही कमी, असं सगळं जुळून आलं तर शरीर चरबी जाळू लागतं आणि रक्तात आम्ल साठतं. फसवा भाग असा, की अशा वेळी मीटरवर शुगर फार वाढलेली दिसतही नाही. मळमळ, उलट्या, पोटदुखी, धाप यांपैकी काही सुरू झालं तर ‘पित्त झालं असेल’ म्हणून घरी बसू नका, तडक दवाखान्यात जा. पेट स्कॅन (मुख्यतः कर्करोगासाठी होणारी तपासणी, तिच्याबद्दल पुढे येईल) ठरलेला असेल आणि ही गोळी चालू असेल, तर ती किती दिवस आधी थांबवायची हे गोळी लिहून देणाऱ्या डॉक्टरांना विचारायलाच हवं.

इन्सुलिनच्या बाबतीत ढोबळ नियम चालत नाही. दिवसभर हळूहळू काम करणारं इन्सुलिन उपाशी असतानाही शरीराला लागतंच. टाइप 1 मधुमेह असलेल्याने ते पूर्ण बंद करणं धोक्याचं आहे. जेवणापूर्वी घेतलं जाणारं झटपट इन्सुलिन मात्र जेवण नसेल तर टोचायचं नाही. आपल्याकडे सर्रास वापरलं जाणारं 30/70 मिश्र इन्सुलिन म्हणजे ही दोन्ही एकाच कुपीत. त्यातलं झटपट तेवढं गाळून घेता येत नाही. म्हणून 30/70 घेणाऱ्यांनी सकाळी किती युनिट घ्यायचे, की घ्यायचेच नाहीत, हे डॉक्टरांकडून आकड्यात लिहून घ्यावं. ‘थोडं कमी घ्या’ याला काही अर्थ नाही.

वाटेत शुगर घसरली तर

हातापायांना कंप, दरदरून घाम, धडधड, कडकडून भूक, बोलणं अडखळणं. मीटरवर 70 पेक्षा कमी दिसलं की उपास संपला. मीटर जवळ नसेल आणि लक्षणं असतील, तरीही संपला. स्कॅन पुन्हा होतो, फार तर पैसे वाया जातात.

घ्यायचं काय? साधारण 15 ग्रॅम ग्लुकोज, म्हणजे ग्लुकोज पावडरचे तीन ते चार सपाट छोटे चमचे, अर्धा ग्लास पाण्यात. 15 मिनिटांनी पुन्हा तपासा. अजून 70च्या खाली असेल तर पुन्हा तेवढंच. माणूस शुद्धीत नसेल तर तोंडात काहीही ओतू नका, घशात अडकतं. 108 ला फोन करा.

खिशात साखरेची पुडी किंवा चॉकलेट ठेवणारे पुष्कळ असतात. व्होग्लिबोज किंवा अकार्बोज घेणाऱ्यांच्या बाबतीत ते लवकर उपयोगी पडत नाही, कारण ही औषधं साध्या साखरेचं आतड्यात विघटनच मंदावतात. बिस्किटांचंही तेच. त्यांना थेट ग्लुकोजच लागतं. चॉकलेटमधल्या चरबीने तर साखर आणखीच सावकाश शोषली जाते. म्हणून सगळ्यांनीच ग्लुकोज पावडरची छोटी डबी सोबत ठेवावी, म्हणजे ऐनवेळी कुठली गोळी चालू आहे हे आठवत बसावं लागत नाही.

पोटाच्या सोनोग्राफीच्या दिवशी हे ग्लुकोजचं पाणी चहा-बिस्किटांपेक्षा आणखी एका कारणाने बरं.

सोनोग्राफी: खरं कारण पित्ताशय

पोटाच्या सोनोग्राफीला 6 ते 8 तास उपाशी ठेवतात ते पित्ताशय नीट फुगलेलं दिसावं म्हणून. पोटात चरबी किंवा प्रथिनं गेली की आतड्यातून एक संप्रेरक सुटतं, पित्ताशय आकसतं आणि पित्त बाहेर टाकतं. आकसलेल्या पित्ताशयात खडा आहे की नाही, भिंत जाड आहे की नुसती आकसल्यामुळे तशी दिसते, हे सांगणं कठीण होतं. ‘घोटभर चहाने काय होतं’ याचं उत्तर त्या चहातल्या दुधात आहे. ग्लुकोजच्या पाण्यात चरबी नसते, म्हणून शुगर घसरल्यावर ते घेतलं तरी तपासणी बहुधा त्याच दिवशी होऊ शकते. फक्त काय घेतलं ते डॉक्टरांना सांगा.

दुसरं कारण गॅस. आतड्यातल्या हवेतून ध्वनिलहरी पलीकडे जात नाहीत आणि स्वादुपिंड झाकलं जातं. आदल्या रात्री हरभऱ्याची उसळ, राजमा, पत्ताकोबी, सोड्याची पेयं टाळा. मऊ फोडणीचा भात, दोडक्याची भाजी, पोळी, पातळ वरण असं नेहमीचं, पण हलकं जेवण रात्री आठच्या सुमारास घ्या. शुगरच्या रुग्णाने या रात्री जेवण टाळणं किंवा फार कमी जेवणं चुकीचं आहे, कारण पुढचे बारा तास त्यावर काढायचे असतात. रात्रीची गोळी किंवा इन्सुलिन मोठ्या मात्रेचं असेल आणि पहाटे शुगर घसरायची सवय असेल, तर झोपण्यापूर्वी एकदा तपासून घ्या.

सकाळचा पहिला नंबर मागून घ्या आणि मधुमेह आहे हे कारण स्पष्ट सांगा. आठ-साडेआठला सोनोग्राफी झाली तर साडेनऊला नाश्ता आणि गोळी. नेहमीच्या दिवसापेक्षा फारसं काही बदलत नाही. हीच तपासणी दुपारी बाराला ठेवली की नसती गुंतागुंत होते.

साधं पाणी चालतं. ओटीपोट बघायचं असेल तर मूत्राशय भरलेलं लागतं, म्हणून तासभर आधी सुमारे एक लिटर पाणी पिऊन लघवी रोखून धरायला सांगतात. थायरॉइड, मान, स्तन किंवा पायांच्या रक्तवाहिन्यांच्या डॉपलरला उपास लागत नाही. नाश्ता करा, गोळी घ्या आणि जा.

सीटी: मेटफॉर्मिनची भीती आणि वस्तुस्थिती

कॉन्ट्रास्ट (चित्र ठळक दिसावं म्हणून देतात ते औषध) नसलेल्या साध्या सीटीला, म्हणजे डोक्याच्या किंवा छातीच्या, बहुतेक वेळा उपास लागत नाही. शिरेतून कॉन्ट्रास्ट देऊन होणाऱ्या सीटीला सेंटर 4 तास किंवा त्याहून जास्त उपाशी ठेवतात, पूर्वी मळमळ-उलट्या व्हायच्या म्हणून. आताच्या कॉन्ट्रास्टने ते बरंच कमी झालं आहे आणि नेहमीच्या तपासणीसाठी उपासाची गरज नाही असं अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिओलॉजीचं मार्गदर्शन सांगतं. तरीही ज्या सेंटरमध्ये स्कॅन आहे त्यांचा नियम पाळा, नाहीतर टेबलावरून परत पाठवतील. भांडायचंच असेल तर वेळेवरून भांडा: 4 तासांचा उपास आणि सकाळी दहाची वेळ असेल तर साडेपाचला हलका नाश्ता बसतो.

मेटफॉर्मिनबद्दल दोन टोकं दिसतात. कुणी आठ दिवस आधीपासून बंद करून शुगर 300 वर नेतं, कुणी किडनीचा रिपोर्ट खराब असूनही चालू ठेवतं. मेटफॉर्मिन किडनीला इजा करत नाही. ते किडनीवाटे बाहेर पडतं, एवढाच त्याचा किडनीशी संबंध. आधीच अधू असलेल्या किडनीवर कॉन्ट्रास्टमुळे ताण आला तर मेटफॉर्मिन शरीरात साठतं, आणि साठलेल्या मेटफॉर्मिनमुळे रक्तातलं लॅक्टिक आम्ल वाढू शकतं. ते क्वचित होतं, पण झालं तर गंभीर असतं.

म्हणून आधी सीरम क्रिएटिनिन करतात आणि त्यावरून ईजीएफआर, म्हणजे किडनी रक्त किती चांगलं गाळते हे सांगणारा आकडा, काढतात. तो 30 किंवा त्याहून वर असेल आणि किडनीला नुकती काही इजा झालेली नसेल, तर शिरेतून दिल्या जाणाऱ्या कॉन्ट्रास्टसाठी मेटफॉर्मिन थांबवायची गरज नाही. 30च्या खाली असेल तर स्कॅनच्या वेळी थांबवून 48 तासांनी क्रिएटिनिन पुन्हा तपासायचं आणि ते ठीक असेल तरच सुरू करायचं. काही सेंटर सरसकट सगळ्यांना 48 तास थांबवायला सांगतात. तसं सांगितलं तर त्या दोन दिवसांत शुगर कशी सांभाळायची हे आपल्या डॉक्टरांना विचारा. आणि ती संयुक्त गोळी लक्षात आहे ना? ‘मेटफॉर्मिन बंद करा’ म्हटल्यावर ती अख्खी गोळी बंद केली, तर ग्लिमेपिराइडही बंद होतं.

नागपूरच्या मे महिन्यात, पारा 45 अंशांवर असताना, खरा धोका कोरड्या पडलेल्या शरीराचा आहे. यवतमाळहून एसटीने घामाघूम होऊन येणारा, उपास म्हणून पाणीही न प्यायलेला मधुमेही हा कॉन्ट्रास्टसाठी सगळ्यात वाईट उमेदवार. पाण्याला स्पष्ट मनाई केलेली नसेल तर पाणी प्या, आणि स्कॅननंतर दिवसभर पीत राहा. हृदय किंवा किडनीच्या आजारामुळे पाण्यावर मर्यादा असेल तर तेवढंच. त्या दोन-तीन दिवसांत गुडघेदुखीसाठी डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन अशा गोळ्या आपल्या मनाने घेऊ नका, त्याही किडनीवर ताण आणतात.

पोटाच्या सीटीला तासभर आधी औषध मिसळलेलं पाणी थोडं थोडं प्यायला देतात. काही ठिकाणी चवीसाठी त्यात सरबत घालतात. साध्या पाण्यात द्या म्हणून सांगा. मॅनिटॉल असेल तर ते गोडसर लागतं, पण त्याने शुगर वाढत नाही. पोट मात्र सुटू शकतं.

एमआरआय आणि थॅलियम, थोडक्यात

मेंदू, मणका, गुडघा यांच्या एमआरआयला सहसा उपास लागत नाही. पित्तनलिकांच्या एमआरसीपीला 4 ते 6 तास लागतो, कारण तेच, पित्ताशय. भूल किंवा गुंगी द्यायची असेल तर नियम कडक होतात. अशा वेळी सेमाग्लुटाइडसारखं इंजेक्शन चालू असेल तर आधी सांगायलाच हवं, त्याने पोट उशिरा रिकामं होतं. दंडावर शुगरचा सेन्सर चिकटवलेला असेल किंवा इन्सुलिन पंप असेल तर एमआरआयच्या खोलीत जाण्यापूर्वी तंत्रज्ञाला दाखवा. पंप बाहेर काढून ठेवावाच लागतो, सेन्सरही बहुतेक वेळा काढायला लावतात. म्हणून 14 दिवसांचा नवा सेन्सर आदल्या दिवशी लावून पैसे वाया घालवू नका.

हृदयाच्या थॅलियमसारख्या तपासणीत औषधाने ताण द्यायचा असेल तर 12 ते 24 तास चहा, कॉफी, कोला, चॉकलेट बंद. डोकेदुखीच्या काही गोळ्यांतही कॅफिन असतं. ‘बिनसाखरेचा काळा चहा चालतो’ हे इथे चालत नाही.

पेट-सीटी: इथे आदल्या दिवशीचं जेवणही मोजलं जातं

बाकी सगळ्या स्कॅनमध्ये शुगर सांभाळायची ती तुमच्या तब्येतीसाठी. पेट-सीटीमध्ये शुगर बिघडली तर चित्रच बिघडतं.

या तपासणीत एफडीजी नावाचं औषध शिरेतून देतात. ते ग्लुकोजसारखंच असतं, फक्त त्याला किरणोत्सर्गी फ्लोरिन-18 जोडलेलं असतं. कर्करोगाच्या पेशी ग्लुकोज अधाशासारखं ओढतात, म्हणून त्या जागी एफडीजी साठतं आणि चित्रात उजळ दिसतं. आता रक्तात आधीच भरपूर साखर असेल तर ती आणि एफडीजी पेशीत शिरण्यासाठी एकमेकांशी स्पर्धा करतात, गाठीपर्यंत औषध कमी पोचतं आणि ती फिकी दिसते किंवा दिसतच नाही. म्हणून इंजेक्शनपूर्वी बोटातून शुगर तपासतात. बहुतेक ठिकाणी 200च्या आत हवी, काही ठिकाणी मर्यादा त्याहून कमी असते.

जास्त निघाली म्हणून ऐनवेळी इन्सुलिन टोचलं तर? ही सगळ्यात महागात पडणारी चूक. इन्सुलिन स्नायूंना ग्लुकोज आत घ्यायला लावतं. मीटरवरचा आकडा खाली येतो, पण त्यापाठोपाठ दिलेलं एफडीजीही दंड, मांड्या, हृदय यांच्या स्नायूंत जाऊन बसतं. चित्रात सगळं अंग उजळतं आणि गाठ हरवते. घरून निघताना शुगर 240 दिसली, घाबरून दहा युनिट टोचले आणि सेंटरवर 150 आली म्हणून कुणाला सांगितलंच नाही, असं झालं की रिपोर्टवर विसंबता येत नाही. 240 घेऊन गेलात तर फार तर तारीख पुढे जाईल. इन्सुलिन लपवलंत तर चुकीच्या रिपोर्टवर उपचार ठरतील.

झटपट काम करणाऱ्या इन्सुलिननंतर एफडीजी देईपर्यंत किमान 4 तास जावे लागतात, साध्या रेग्युलर इन्सुलिननंतर 6 तास. मध्यम किंवा दीर्घ पल्ल्याचं इन्सुलिन त्या सकाळी घेतलेलं असेल तर त्याच दिवशी एफडीजी देऊ नये, असं युरोपातल्या न्यूक्लिअर मेडिसिन संघटनेचं मार्गदर्शन आहे. 30/70 याच गटात मोडतं. आदल्या रात्रीच्या दीर्घ पल्ल्याच्या इन्सुलिनचाही परिणाम सकाळी उरतो, म्हणून तारीख ठरल्याबरोबर, आदल्या संध्याकाळपर्यंत न थांबता, आपल्या डॉक्टरांशी बोलून रात्रीचं इन्सुलिन ठरवावं लागतं.

इन्सुलिन घेणाऱ्यांसाठी सकाळची पहिली वेळ सोयीची नाही, हे सोनोग्राफीच्या अगदी उलट. दुपारी बाराची वेळ मागा. मग सकाळी सातच्या आत नेहमीचा नाश्ता आणि त्यासोबत नेहमीचं झटपट इन्सुलिन, त्यानंतर फक्त पाणी. बारापर्यंत पाच तास होतात. रेग्युलर इन्सुलिन असेल किंवा सेंटरला 6 तासांचा उपास हवा असेल, तर नाश्ता-इन्सुलिन सहाच्या आत उरका. नुसत्या गोळ्यांवर असाल तर सकाळी दहा-अकराची वेळ ठीक पडते. रात्री जेवून थेट उपास, आणि गोळ्यांचं डॉक्टरांनी सांगितलं असेल तसं.

मेटफॉर्मिनचा इथे तिसराच उपद्रव. त्याने आतड्यांमध्ये एफडीजी जास्त साठतं आणि चित्रात आतडी झगमगतात. आतड्याचा किंवा पोटातला आजार शोधायचा असेल तर 48 तास आधी थांबवायला सांगतात. मानेतली किंवा फुप्फुसातली गाठ बघायची असेल तर सहसा चालू ठेवतात.

आता जेवण. आदल्या दिवशी, निदान दुपारपासून, पिष्टमय पदार्थ कमी करायचे, म्हणजे शुगर आणि इन्सुलिन दोन्ही खाली राहतात. आकडे ढोबळ आहेत, पण अंदाज येतो: वाटीभर भातात सुमारे 40 ग्रॅम कर्बोदकं, एका मध्यम ज्वारीच्या भाकरीत 35 ते 40, एका पातळ फुलक्यात 15 ते 20, बशीभर पोह्यांत 40 ते 45 आणि वर चण्याची तर्री वेगळी. एका मध्यम संत्र्यात 10 ते 12. बेसन म्हणजे नुसती प्रथिनं असा समज असतो, पण त्याचा निम्म्याहून जास्त भाग कर्बोदकांचा आहे. त्या रात्री पाटोडीचा रस्सा किंवा ताटभर झुणका नको.

रात्री चालेल असं: अंड्याची भुर्जी किंवा 100 ग्रॅम पनीर किंवा चिकन, त्यासोबत मेथी, पालक, दोडकं, भरताचं वांगं, फुलकोबी यांची भरपूर भाजी वर सांभार (कोथिंबीर) घालून, काकडी-मुळ्याची कोशिंबीर, आणि सेंटरची हरकत नसेल तर एक फुलका. डाळभाजीत डाळ कमी, पालक जास्त. सावजी चिकनात अडचण चिकनाची नसते, सोबतच्या भाकरी-भाताची असते. शिवाय त्या तिखटाने रात्रभर जळजळ झाली तर सकाळ वाईट जाते, तेव्हा आठ दिवस थांबलेलं बरं. भात, बटाटा, रताळं, मका, फळं, दूध, मिठाई, ‘शुगर फ्री’ लिहिलेली पण मैद्याचीच असलेली बिस्किटं, हे सगळं बंद. उपास आहे म्हणून साबुदाण्याची खिचडी किंवा भगर खाल्ली तर सगळ्यावर पाणी पडतं: साबुदाणा जवळजवळ शुद्ध स्टार्च आहे.

कर्बोदकं कमी केली आणि रात्रीच्या जेवणाचं इन्सुलिन नेहमीइतकंच घेतलं, तर मध्यरात्री शुगर घसरेल. त्या जेवणाचे युनिटही कमी करून घ्या, डॉक्टरांना विचारून.

पहाटे यकृत स्वतःच रक्तात ग्लुकोज सोडतं. त्यामुळे काही न खाताही सकाळी 190, 210 असे आकडे दिसतात आणि लोक चक्रावतात. म्हणून आठवडाभर आधीपासून सकाळची उपाशी शुगर तपासून लिहा. ती रोज 200च्या वर असेल तर स्कॅनच्या दिवशी चमत्कार होणार नाही. आधी औषध बदलून शुगर आटोक्यात आणा, मग तारीख घ्या. फ्लोरिन-18 दर 110 मिनिटांनी निम्मं होतं. तुमच्या वेळेसाठी मागवलेली मात्रा उद्यासाठी ठेवता येत नाही, म्हणून उशिरा पोचणं किंवा शुगर जास्त निघणं तुम्हाला आणि सेंटरला, दोघांनाही महागात पडतं. केमोथेरपीसोबत डेक्सामेथासोनसारखं स्टेरॉइड मिळालं असेल तर त्याने शुगर हमखास चढते, तेही सांगा. रुग्ण भरती असेल तर लटकवलेल्या सलाइनवर काय लिहिलंय ते बघा. ‘डीएनएस’च्या 500 मिलीच्या बाटलीत 25 ग्रॅम डेक्स्ट्रोज, म्हणजे ग्लुकोजच, असतं. ती किमान 4 तास आधी बंद व्हायला हवी. खोकल्याचं गोड औषधही याच कारणासाठी नको.

मीटरने तपासताना बोटं धुऊन कोरडी करा. सोबत आलेल्या माणसासाठी संत्रं सोलून दिलं आणि त्याच बोटाला टोचलं, तर फळाच्या रसाने आकडा खोटाच चढतो.

स्नायूंना आदल्या दिवसापासून आराम हवा. फुटाळ्याची किंवा अंबाझरीची फेरी, जिम, शेतातलं काम, ओझं उचलणं बंद, कारण थकलेले स्नायूही एफडीजी खातात. इंजेक्शननंतरचा तासभर तर शांत पडून राहायचं: बोलत राहिलं की स्वरयंत्र उजळतं, चघळत राहिलं की जबड्याचे स्नायू. खर्रा, सुपारी, च्युइंगगम, बडीशेप काहीच तोंडात नको. आपल्या भागात तोंडाच्या कर्करोगासाठी पेट करणाऱ्यांची संख्या बघता खर्ऱ्याचं हे आवर्जून सांगावं लागतं. जिथे गाठ शोधायची, नेमका तोच भाग त्याने गढूळ होतो.

डिसेंबर-जानेवारीत आणखी एक. थंडीत शरीर ऊब तयार करायला मान-खांद्यांजवळची तपकिरी चरबी जाळतं, आणि ती एफडीजी ओढते. सकाळच्या गारठ्यात दुचाकीवरून बिनस्वेटरचं जामठ्याच्या कॅन्सर हॉस्पिटलला गेलात की मानेजवळ उजळ ठिपके दिसणार आणि त्या लसिकाग्रंथी आहेत की चरबी हा वाद होणार. स्वेटर, मफलर घाला, ऑटोने जा, आणि एसी असलेल्या प्रतीक्षागृहासाठी उन्हाळ्यातही शाल ठेवा.

पाणी भरपूर, इंजेक्शनपूर्वीच्या दोन तासांत सुमारे एक लिटर, साधं. लिंबू-साखर नको, चहा नको. बीपीची, थायरॉइडची गोळी पाण्यासोबत चालते.

सगळ्या पेट स्कॅनना हे लागू नाही, हेही माहीत असावं. प्रोस्टेटसाठीचा पीएसएमए पेट किंवा न्यूरोएंडोक्राइन गाठींसाठीचा डोटा पेट यांत ग्लुकोज वापरतच नाहीत. त्यांच्यासाठी शुगरचा आकडा किंवा पोळी-भाताचा हिशेब आड येत नाही. चिठ्ठीवर कुठला पेट आहे ते विचारून घ्या, उगाच उपाशी राहू नका.

स्कॅन आटोपेपर्यंत दुपारचे दोन-अडीच होतात. घरून डब्यात पोळी-भाजी नेलेली असेल तर तिथेच शुगर तपासून जेवा, बाहेरच्या समोशाच्या नादी लागू नका. पाणी पीत राहा, लघवीला जात राहा, आणि संध्याकाळपर्यंत लहान बाळ किंवा गरोदर बाईला जवळ घेऊन बसू नका. जेवणासोबत घ्यायची ती दुपारची मात्रा. सकाळची राहिलेली ‘भरून काढायला’ दोन गोळ्या एकदम घेतल्या तर संध्याकाळी परतीच्या गाडीत शुगर घसरते. दुपार उलटली असेल तर सकाळची सोडलेली गोळी बहुतेक वेळा सोडलेलीच राहू द्यायची असते, पण ग्लुकोजची डबी मात्र घरी पोचेपर्यंत खिशातच ठेवा.